वसीका
लखनौच्या हुसैनाबाद भागात तलावाकाठी पिक्चर गॅलरीची लाल इमारत आहे. प्रवासी तिथे अवधच्या नबाबांच्या तसबिरी पाहतात आणि इमामबाड्याकडे वळतात. वसीका कचेरीही तिथेच आहे. वसीका या शब्दाचा मूळ अर्थ लेखी करार, रोखा. लखनौत मात्र वसीका म्हणजे पेन्शन. नबाबांच्या नातेवाइकांचे आणि आश्रितांचे वारस, सुमारे बाराशे माणसे, आजही ते घेतात. कुणाला महिन्याला नऊ-दहा रुपये मिळतात, कुणाला त्याहूनही कमी. रिक्षाभाडे त्यापेक्षा जास्त होते, तरी लोक येतात.

हा कुणाच्या मेहेरबानीचा पैसा नाही. १८१४ मध्ये कंपनी सरकार नेपाळच्या युद्धात उतरले होते आणि तिजोरीत खडखडाट होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा यांनी नबाब गाजीउद्दीन हैदर यांच्याकडून सहा टक्क्यांनी एक कोटी रुपये घेतले. पाठोपाठ आणखी एक कोटी. दुसऱ्या कोटीच्या बदल्यात कंपनीने नेपाळकडून जिंकलेला तराईचा मुलूख अवधला दिला; पहिल्याचे व्याज मात्र नेमलेल्या माणसांना द्यायचे ठरले. १८२५ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धासाठी पुन्हा एक कोटी गेले, आता पाच टक्क्यांनी आणि कायमचे. मुद्दल कधीही परत करायचे नाही, व्याज कधीही थांबवायचे नाही. त्यातून मुबारक महल या बेगमेला महिना दहा हजार रुपये आणि इतर बेगमांना त्यांचे वाटे लावून दिले. त्यांच्यामागे त्या पैशाचा मोठा भाग नजफ आणि करबलाच्या धर्मगुरूंकडे जायचा होता, आणि १८५०च्या सुमारापासून तो जाऊही लागला. लखनौच्या तिजोरीतून निघालेल्या मुद्दलाचे व्याज इराकात पोचत होते!

ही कर्जे स्वखुशीची म्हणायची ती कागदावरच. शहरात रेसिडेंट बसलेला असताना ‘नाही’ म्हणणे नबाबाला सोपे नव्हते. पण देणे भागच आहे तर आपली माणसे सावकाराच्या जागी बसवावीत, हे त्याने साधले. मला यात भोळेपणा दिसत नाही. १८५६ मध्ये अवध खालसा झाले, वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले. वसीक्याचा करार मात्र उभा राहिला.

याच्या शेजारी आपला बिठूर ठेवून पाहावा. लखनौहून तो फार लांब नाही. दुसऱ्या बाजीरावाला १८१८ पासून वर्षाला आठ लाखांचे पेन्शन होते. रक्कम घसघशीत, पण ती दिलेली होती, विकत घेतलेली नव्हती. अफगाण युद्धाच्या वेळी त्याने कंपनीला पाच लाख पुरवले, त्याचाही पुढे उपयोग झाला नाही. जानेवारी १८५१ मध्ये तो वारला आणि डलहौसीने नानासाहेबांना पेन्शन नाकारले. गंमत अशी की बाजीरावाच्या मागे सुमारे सोळा लाखांचे कंपनीचेच रोखे निघाले. ते वारसाचे, हे कंपनीला मान्य होते. १८५७ नंतर अर्थात काहीच उरले नाही.

१९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले. वसीका तरीही चालू राहिला.

चालू राहिला, पण वाढला नाही. व्याज १८२५च्या रुपयांत बांधलेले, आणि वाटे प्रत्येक पिढीत पडत गेले. समजा महिना हजार रुपये होते आणि दर पिढीला चार वारस. पाचव्या पिढीत एकेकाच्या हाती एक रुपयाही पुरा येत नाही. करार न मोडता तो असा विरघळतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्मचारी पेन्शन योजनेत वाढीव पेन्शनची वाट मोकळी केली, तेव्हा हे गणित मी घरीच मांडले. बऱ्याच वर्षांचा फरक एकरकमी भरायचा. महिन्याचे पेन्शन वाढते, पण त्याला महागाई भत्ता नाही आणि मुद्दल परत नाही. नजर टाकली तर वसीक्याचाच सांगाडा. मुलगा म्हणाला, बँकेत ठेवा, निदान तुमचे तरी राहतील. त्याचे चूक नव्हते. पण या योजनेत माझ्यामागे निम्मे पेन्शन पत्नीला मिळते, ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे, आणि ठेव मोडायला लावणारी माणसे घरातच असतात. मुबारक महलच्या नावापुढचे दहा हजार मला आठवले. अर्ज मी मुदतीत भरला.