रानपिंगळ्याचा जिल्हा आणि परिसंस्थेचा संगणकीय धडा

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अभ्यासकांना रानपिंगळा दिसला. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीलायक पुरावा मिळालेला नव्हता. ते नामशेष झाले असावे, असा समज दृढ झाला होता. हा भाग त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला.

शोधाला एवढा विलंब लागण्यामागे एक खोटी चिठ्ठी होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या संग्रहातील रानपिंगळा १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे मिळाल्याचे नमूद केले होते. प्रत्यक्षात तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात गोळा केला होता आणि तो संग्रहालयातून चोरलेला होता, हे रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी दाखवून दिले. ती चिठ्ठी बाजूला सारून केवळ अस्सल नमुन्यांच्या जागी शोध घेतला, तेव्हाच पक्षी सापडला. निसर्गाच्या अभ्यासात नोंदीचा खरेपणा किती मोलाचा असतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

पाहण्यापलीकडचे शिक्षण

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निकालामुळे पर्यावरण शिक्षणाला अभ्यासक्रमात सक्तीचे स्थान मिळाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’मुळे पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून धड्याचे पूरक साहित्य मोबाइलवर उघडू लागले. तथापि चित्रफीत पाहणे म्हणजे परस्परसंवाद नव्हे. विद्यार्थ्याने काही बदल करावा आणि त्याचा परिणाम त्याला दिसावा, हे खऱ्या परस्परसंवादी साधनाचे लक्षण होय.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील निसर्गनिवडीचा खेळ या कसोटीला उतरतो. पडद्यावरील सशांच्या वस्तीत विद्यार्थी लांडगे सोडतो, अन्न कमी करतो किंवा फरचा रंग बदलणारे उत्परिवर्तन घडवतो. पुढील पिढ्यांमध्ये कोणते ससे टिकले, याचा आलेख लगेच समोर येतो. हे साधन विनामूल्य आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटविना चालते. सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवरील शाळांसाठी ही सोय मोलाची ठरते.

विद्यार्थीच नोंदकर्ता

दुसऱ्या प्रकारच्या साधनांत विद्यार्थी स्वतः माहिती भरतो. ‘सीझनवॉच’मध्ये एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पाने, फुले व फळे टिपायची असतात. ‘ई-बर्ड’वर दिसलेल्या पक्ष्यांची यादी देता येते, नोंद नेहमीपेक्षा वेगळी असेल तर जाणकार ती तपासतात. ‘आय-नॅचरलिस्ट’वर छायाचित्र, स्थळ आणि दिनांक दिल्यावर इतर अभ्यासक ओळख पटवतात किंवा दुरुस्त करतात. संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण तेथे सर्वांपासून झाकले जाते. माइनर्ट्झहागेनच्या चिठ्ठीला अशी उघड तपासणी लाभली असती, तर ती इतकी वर्षे टिकली नसती.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतात. शिवाय रानपिंगळा दिवसाही वावरतो. असा भेद छायाचित्रांतून शोधायला लावणे, हा वर्गात सहज घेता येणारा उपक्रम आहे.

भाषेचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिली, पावरी, मावची बोलणारे मूल शाळेत येते, तेव्हा मोह, चारोळी, तेंदू यांचे ऋतुमान त्याला घरातून ठाऊक असते. मात्र हे ज्ञान त्याच्या पुस्तकात नसते आणि पडद्यावरील जंगलही बहुधा परक्या देशाचे असते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर प्रजातींची अनेक भाषांतील नावे नोंदवता येतात. आजीकडून ऐकलेले पावरी नाव विद्यार्थ्याने तेथे दिले, तर तो माहिती घेणारा न राहता देणारा होतो.

रानपिंगळा आजही जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. तो मेळघाट, यावल, तानसा येथेही आढळला आहे. परंतु त्याच्या पुनःशोधाचे श्रेय शहाद्याच्या जंगलाकडेच जाते. या जंगलाशेजारी शिकणाऱ्या मुलाच्या हाती संगणक देताना त्यातील चित्रे दाखवून थांबू नये. त्याने स्वतः पाहिलेले, दिनांकासह लिहिलेले आणि इतरांनी तपासलेले एक निरीक्षण त्या संगणकात जमा व्हावे. परिसंस्थेचा धडा तेथूनच सुरू होतो.