साबण न होणारी चरबी

खोबरेल तेलात कॉस्टिक सोडा कालवला की साबण होतो. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांचे धागे ज्या बंधाने जोडलेले असतात तो एस्टर बंध अल्कलीपुढे टिकत नाही. तो सुटला की साबण तयार, बाजूला ग्लिसरीन. माणूस, वड, कॉलऱ्याचा जंतू, सगळ्यांच्या पेशीपटलातली चरबी प्रामुख्याने याच बंधावर उभी आहे. म्हणूनच ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या एका जंतूची चरबी साबण व्हायलाच तयार नाही, हे कळलं तेव्हा ती गोष्ट साधी नव्हती.

तो जंतू तिथे आला होता खारवलेल्या कॉड माशाच्या आणि कातड्यांच्या काळजीपोटी. मीठ लावलं की माल टिकतो हा जुना भरवसा, आणि त्याच मिठावर लाल डाग धरून माल नासायचा. त्याच्या हॅलोबॅक्टेरियम क्युटिरुब्रम या नावातच कातडं आणि लाल रंग दोन्ही आहेत. नॉर्मन गिबन्स हे जंतू वाढवत होते, मॉरिस केट्स चरबीचे रसायनज्ञ. १९६२ च्या त्यांच्या निबंधावर पहिलं नाव मात्र सहगल यांचं आहे. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले हेच सुरेंद्रनाथ सहगल पुढे रॅपामायसिन या औषधासाठी जगाला माहीत झाले. मिठातल्या जंतूंवरचं त्यांचं हे आधीचं काम मला तितकंच मोलाचं वाटतं.

केट्स यांनी पुढची काही वर्षं त्या चरबीचा पिच्छा पुरवला. तिच्यात एस्टरऐवजी चिवट ईथर बंध होता. सरळ मेदाम्लांच्या जागी ठरावीक अंतरावर फांद्या फुटलेले धागे होते. आणि ग्लिसरॉलची ठेवण उलटी, डाव्या-उजव्या हातासारखी. मिठात राहणाऱ्याची ही खास तडजोड असेल, असं तेव्हा वाटणं स्वाभाविक होतं.

१९७० मध्ये टॉमस ब्रॉक आणि सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या इंडियानात, आपोआप तापणाऱ्या कोळसा-कचऱ्याच्या ढिगात थर्मोप्लाझ्मा सापडला. सुमारे ५९ अंश सेल्सियस उष्णता, जोडीला तीव्र आम्ल, आणि या जंतूला पेशीभित्तिकाच नाही. मग तो विरघळत कसा नाही? टॉमस लँगवर्दी यांनी त्याची चरबी तपासली तर पुन्हा ईथर. शिवाय इथे पेशीपटलाच्या समोरासमोरच्या दोन थरांचे धागे एकमेकांना जोडून एकच लांब रेणू झालेला. गोधडीचे दोन पदर टाके घालून एक करावेत, तसं हे पटल उष्णतेत उसवत नाही. गरम झऱ्यांतल्या त्याच्या भाईबंदांत उष्णता वाढते तशी या धाग्यांत पाच कार्बनांची कडी वाढतात, हेही नंतर कळलं.

१९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी आरएनएच्या आधारे जीवसृष्टीची वेगळी शाखा मांडली, तिला पुढे आर्किया हे नाव मिळालं. मिठातले, आम्लातले, मिथेन करणारे, असे एकमेकांशी काही नातं न दिसणारे जीव तिच्यात आले. त्या सगळ्यांत हीच ईथर बंधाची चरबी होती.

जीव मेला की या चरबीच्या रेणूचं फॉस्फेटचं किंवा साखरेचं डोकं लवकर गळतं, ईथरचा गाभा मात्र गाळात फार काळ टिकतो. डोक्यासकट सापडला तर जीव आत्ताचा, नुसता गाभा असेल तर बहुधा जुना. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या समुद्रतळावर, मिथेन झिरपतो तिथे, काय-उवे हिन्रिक्स आणि सहकाऱ्यांना आर्किओल, म्हणजे असाच एक ईथर गाभा, मिळालं. त्यात जड कार्बन इतका कमी होता की तो मिथेनमधूनच आलेला असणार. प्राणवायू नसलेल्या चिखलात मिथेन खाणारं कुणीतरी आहे, याची खूण त्या कुणाला प्रयोगशाळेत न वाढवताच हाती आली.

पण या रेणूने एक समज मोडायलाही हातभार लावला. १९९२ मध्ये साध्या, गार समुद्राच्या पाण्यात आर्कियाचे जनुकीय ठसे मिळाले आणि काही वर्षांतच तिथल्या गाळात त्यांची चरबीही. अतिरेकी जागांचे रहिवासी म्हणून ज्यांना ओळखलं, ते सर्वत्र होते. कड्यांची संख्या इथेही तापमानानुसार बदलते. नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटावरच्या संशोधकांनी २००२ मध्ये त्यावरून प्राचीन समुद्राचं तापमान काढण्याची रीत बसवली.

२०२० च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं तेव्हा लोक काठावर गर्दी करून पाहत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि कारण सांगितलं: मिठात वाढणारे आर्किया. कॉड नासवणाऱ्या जंतूंचेच हे नातलग, खार आणि सोड्याने भरलेल्या पाण्यात उन्हाळ्याने दाट झालेले. पावसाने पाणी पातळ झालं, रंग उतरला. लोणारच्या तळाशी पानांवरच्या मेणापासून सूक्ष्मजीवांच्या चरबीपर्यंत हजारो वर्षांचा गाळ साठला आहे, आणि त्या गाळावर आता त्या एका जूनचाही पातळ थर आहे.