एक किलो मिथेन म्हणजे किती?

एक किलो मिथेन म्हणजे किती किलो कार्बन डायऑक्साइड? प्रश्न विचित्र वाटेल. पण एखाद्या वस्तूचा हवामानावरील भार एका आकड्यात सांगायचा, तर सारे वायू एकाच मापात आणावे लागतात. त्यासाठी एक किलो वायू शंभर वर्षांत किती उष्णता अडवतो, याची तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडशी तुलना करतात. या प्रमाणाला आपण 'गुणक' म्हणू.

आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९९० मध्ये मिथेनचा गुणक २१ दिला. २००१ मध्ये तो २३, २००७ मध्ये २५ आणि २०१३ मध्ये २८ झाला. मिथेनचा रेणू मात्र तोच! मग बदलले काय? एक तर मिथेनच्या हवेतील आयुष्याचे आणि त्याच्यामुळे वाढणाऱ्या ओझोनचे ज्ञान सुधारले. दुसरे म्हणजे मापाचाच हिशेब बदलला. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो, तसा त्याच्या प्रत्येक नव्या किलोचा परिणाम थोडा घटतो. तागडीतले वजनच हलके झाले, की माल जड भरणारच.

वस्तूचा जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडण्याची सुरुवात जुनी आहे. १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने शीतपेयांच्या बाटल्या व डबे यांचा असा अभ्यास करवून घेतला. पुढे त्यातूनच उत्पादनांची 'पर्यावरणीय घोषणापत्रे' आली. २००६ मध्ये त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले. घोषणापत्र साधारणतः पाच वर्षे चालते. त्यामुळे वेगवेगळ्या गुणकांवर बेतलेली दोन पत्रे एकाच वेळी ग्राहकासमोर येऊ शकतात.

याने काय बिघडते? समजा, एका कारखान्यात टनामागे ८०० किलो कार्बन डायऑक्साइड आणि १० किलो मिथेन बाहेर पडतो. २५ च्या गुणकाने बेरीज १,०५० किलो. कारखान्याने मेहनतीने मिथेन ९ किलोवर आणला. पण नव्या पत्रात गुणक २८ धरला. बेरीज १,०५२! सुधारणा झाली, तरी आकडा वाढला. जुने उत्सर्जन २८ नेच मोजले असते, तर १,०८० वरून १,०५२ अशी खरी घट दिसली असती.

म्हणजे जुनी माहिती टाकाऊ नव्हे. तिची नव्याशी सरमिसळ करणे घातक. क्योतो कराराच्या २००८ ते २०१२ या पहिल्या कालखंडात देशांनी १९९५ च्या अहवालातलाच २१ हा गुणक वापरला. तोवर नवे आकडे आले होते. पण सर्वांचे माप एक राहणे महत्त्वाचे होते. म्हणूनच घोषणापत्रातील अंतिम बेरजेबरोबर गुणकाचे वर्ष आणि प्रत्येक वायूचे मूळ किलोही जपून ठेवले पाहिजेत. मूळ नोंद असली, की नव्या गुणकाने फेरहिशेब करायला पाच मिनिटे पुरतात.

वर्गात एक उदाहरण जरूर द्यावे. नायट्रस ऑक्साइडचा गुणक १९९५ मध्ये ३१० होता, २०१३ मध्ये २६५ झाला. काहीही न करता कोणाचा कारखाना 'सुधारला', हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.