विकासवाडी
पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारा शैक्षणिक प्रयोग. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–९२) यांचे बोर्डीचे ग्राम बाल शिक्षा केंद्र (१९४५) १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथे हा प्रयोग वारली मुलांमध्ये रुजला. कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी आणि पाने, बिया, खडे मांडून मोजणी. शरीर, भाषा व गणित यांची फारकत न करणे हेच या पद्धतीचे खरे मोल. मुले येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली; तीच अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली : गुरे चरत असताना शिक्षक तिथेच शिकवीत.