एक चिन्ह, दोन उच्चार

निशी-कसाई स्टेशनच्या पाटीवरची तीन कांजी चिन्हे कधी नीट पाहिली आहेत? पहिले आणि शेवटचे चिन्ह एकच, अर्थ 'पश्चिम'. पण पहिल्या जागी ते 'निशी' आणि शेवटी 'साई'. शिवाय ज्या तोझाई लाइनने आपण रोज जातो, तिच्या नावात त्याचेच 'झाई' होते! मुलांना कांजी शिकवताना आपण सगळेच इथे अडखळतो.

नेमक्या याच गोष्टीवरून दीडशे वर्षांपूर्वी युरोपात मोठा वाद झाला होता. विषय होता प्राचीन असीरियाची क्यूनिफॉर्म, म्हणजे कीलाक्षर लिपी. असीरियन लोकांनी ही लिपी सुमेरियनांकडून घेतली, जशी जपान्यांनी चिन्यांकडून घेतली. त्यामुळे सुमेरियन 'लुगाल' (राजा; शब्दशः मोठा माणूस) हे चिन्ह लिहायचे, आणि वाचायचे मात्र आपल्या भाषेतले 'शर्रु'. तेच चिन्ह कुठे पूर्ण शब्द, तर कुठे नुसता उच्चार.

ही लिपी उलगडणाऱ्यांपैकी हेन्री रॉलिन्सन आपल्या ओळखीच्या मुलखातला. १८२७ साली सतराव्या वर्षी तो कंपनी सरकारचा कॅडेट म्हणून मुंबईला आला. पुणे ते पनवेल घोड्यावरून तीन तासांच्या थोड्या वर गाठून त्याने पैज जिंकली होती, म्हणे. पुढे इराणात गेल्यावर बेहिस्तूनच्या कड्यावरचा तीन भाषांतला लेख त्याने जिवावर उदार होऊन उतरवून घेतला. नाव त्याचेच झाले, पण आयर्लंडमधल्या एका खेड्यातले पाद्री एडवर्ड हिंक्स यांना श्रेय कमी मिळाले असे मला वाटते.

एका चिन्हाचे अनेक उच्चार? मग हे वाचन की अंदाजपंचे? लोकांचा विश्वासच बसेना. अखेर १८५७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने परीक्षा घेतली. तिग्लाथ-पिलेसर पहिला या राजाचा सुमारे ८०० ओळींचा लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपर्ट या चौघांनी स्वतंत्रपणे भाषांतरित केला. मोहोरबंद लिफाफे पंचांसमोर उघडले. अवघड शब्दांत फरक होते, दोघांना तर वेळही पुरला नव्हता; पण एकंदर अर्थ जुळला. त्या पंचांत एखादा जपानी असता, तर त्याला यात नवल वाटले नसते.

मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यातले असीरियन शिल्पपट आहेत. मुलांना जरूर दाखवा. कांजी येणारी मुले कदाचित तुमच्याआधी प्रश्न विचारतील.