गूळ कोल्हापूरचा, चरक कोणाचा?

१/ नृसिंहवाडीच्या घाटाशी कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. यात्रेकरूच्या स्मरणात दत्तमंदिर राहते. पण घाटापलीकडे शिरोळ तालुक्याचा ऊस उभा असतो. या ऊसपट्ट्याच्या इतिहासात एक प्रश्न दडला आहे : माल एकाचा आणि यंत्र दुसऱ्याचे, तर नाव कोणाचे उरते?

२/ ऊस चरकात पिळायचा, रस काहिलीत आटवायचा, ढेपा अडतीवर पाठवायच्या, हा गुऱ्हाळाचा क्रम. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही या गुळाची मोठी पेठ ठरली. खाणाऱ्याला 'कोल्हापुरी गूळ' ठाऊक झाला. चरक घडवणारा त्या नावात कुठेच नव्हता.

३/ अशी यंत्रे करणाऱ्या एकाने मात्र अनाम राहणे नाकारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले.

४/ लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर दीर्घकाळ पडून राहिले. अडचण यंत्राची नव्हती, विश्वासाची होती.

५/ १९१० मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर त्यांना जागा दिली. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, चरक, पंप जेथे घडत, त्या गावालाच कारखानदाराचे आडनाव मिळाले.

६/ १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून नावाजले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. ज्या घरात नांगर कधीच गेला नाही, तेथेही हे आडनाव पोहोचले.

७/ १९९१ मध्ये इंटेलने 'इंटेल इनसाइड' मोहीम सुरू केली. संगणक दुसऱ्या कंपनीचा, आतली चिप इंटेलची. तरी पुरवठादाराचे नाव संगणकाच्या दर्शनी भागावर झळकले. पुरवठादाराने थेट वापरणाऱ्याच्या मनात जागा मिळवण्याची ही युक्ती किर्लोस्करवाडीने सात दशके आधी वेगळ्या रीतीने साधली होती.

८/ कोल्हापूर जिल्ह्यात दुसरी वाटही दिसते. कोल्हापूरच्या फाउंड्रींतील ओतकाम वाहनांत आणि इंजिनांत जाते, आणि बाजारात नाव झळकते ते वाहन कंपनीचे. या वाटेवर जाहिरातीचा आणि विक्रीजाळ्याचा खर्च वाचतो. मात्र मोठा ग्राहक दूर गेला, तर ओतणाऱ्याचे कसब कितीही पक्के असले तरी बाजार त्याला ओळखत नाही.

९/ स्वतःचे नाव लावणेही स्वस्त नसते. चरक बिघडला की शेतकरी नाव घेऊनच जाब विचारणार. सुटे भाग पुरवावे लागणार, दुरुस्तीला माणूस धाडावा लागणार. निनावी पुरवठादार ग्राहक कंपनीला बांधलेला असतो, नाव लावणारा वापरणाऱ्याला. नाव लावायचे की नाही, हा निर्णय म्हणजे कोणाला उत्तरदायी राहायचे, याची निवड होय.

#इतिहास #कोल्हापूर