हातोडीपासून सुरू झालेला कलावर्ग

आज एका वर्गाची गोष्ट सांगायची आहे.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या कलाशाळांत मुली भरपूर होत्या, पण शिकवणारे बहुतेक पुरुष. आणि पाठ्यपुस्तक? एच. डब्ल्यू. जॅन्सन यांचा ‘हिस्टरी ऑफ आर्ट’ हा जाडजूड ग्रंथ १९६२ साली आला. त्यात एकाही स्त्री कलाकाराला जागा नव्हती. मग मुलीनं चित्रकार व्हायचं ते कोणाकडे बघून?

१९७० मध्ये ज्यूडी शिकागो या कलावतीने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेट कॉलेजात फक्त मुलींसाठी वर्ग सुरू केला. मुली होत्या पंधरा. पहिला धडा चित्राचा नव्हताच. कॉलेजबाहेर जागा शोधायची, भाड्यानं घ्यायची आणि स्वतः दुरुस्त करायची! हातोडी, करवत त्यांच्या हाती आजवर कोणी दिलीच नव्हती. ती चालवता आल्याशिवाय मोठं शिल्प कसं उभं राहणार?

दुसरा धडा गोल बसण्याचा. विषय एकच, आई, पैसा, शरीर, रस्त्यावरची भीती. प्रत्येकीनं आपला अनुभव सांगायचा. एरवी आधी तंत्र शिकवतात, विषय मागून येतो. इथे उलटं होतं. सांगायचं काय ते आधी सापडायचं. मग रंग, शिवण की नाट्य, ते ठरायचं.

१९७१ मध्ये हा वर्ग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये आला. सोबतीला चित्रकार मिरियम शापिरो होत्या. संस्थेची नवी इमारत तयार नव्हती. म्हणून हॉलिवूडमधलं सतरा खोल्यांचं एक पडकं घर घेतलं. त्याचं ‘वुमनहाऊस’ झालं आणि १९७२ च्या ३० जानेवारीला ते लोकांसाठी उघडलं. स्वयंपाकघर सगळं गुलाबी. छतावरची तळलेली अंडी भिंतीवरून उतरता उतरता स्तन होत गेलेली. चादरींच्या कपाटात फळ्यांमध्ये अडकलेली बाईची आकृती. आणि फेथ वाइल्डिंग खुर्चीत बसून, पुढे-मागे झुलत, बाईच्या जन्मभराच्या वाट पाहण्याची यादी सांगायची. घरकाम हा कलेचा विषय होऊ शकतो, हे तिथे डोळ्यांनी दिसलं.

पण वर्गात सगळं गोड नव्हतं. सगळ्यांनी सारखं बोलायचं म्हटलं, तरी शिक्षिकेचा धाक असायचाच, अशी काही विद्यार्थिनींची तक्रार होती. शिवाय ‘बाईचा अनुभव’ म्हणून जे मांडलं, ते मुख्यतः गोऱ्या बायकांचं होतं. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय कलावतींनी १९७१ मध्येच ‘व्हेअर वुई ॲट’ हा आपला वेगळा गट काढला होता. गोल छोटा असेल, तर बाहेर राहिलेल्यांचा अनुभव त्यात येणार कुठून?

ते घर नंतर पाडलं गेलं. पण फेथ वाइल्डिंग आणि सुझान लेसी या फ्रेस्नोच्या विद्यार्थिनी पुढे स्वतः कला शिकवू लागल्या. म्हणजे घर गेलं, वर्ग राहिला.

तुमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला ‘तुला काय सांगायचंय?’ असं कोणी विचारलं होतं का? आठवून बघा.